'रागाच्या भरात' म्हणजे किती वेळ?

प्रश्न असा आहे: गाडीला कट मारला म्हणून भांडण होतं, त्यात एकाचा जीव जातो आणि आरोपीचा वकील 'हीट ऑफ पॅशन'चा, म्हणजे राग अनावर होऊन हातून घडलं असा, बचाव मांडतो. त्याला मराठीत 'रागाच्या भरात' म्हणावं की 'भावनावेगात'?

माझं मत ठामपणे 'रागाच्या भरात'ला, आणि ते 'भर' या शब्दामुळे. भर म्हणजे एखादी गोष्ट पुरती भरून आलेली असणं. हंगाम ऐन भरात असतो, बोलण्याच्या भरात नको ते तोंडून निघून जातं. आणि आलेला भर ओसरतोही. राग वर्षभर टिकतो, माणसं दात धरून बसतात, पण रागाचा भर तेवढा टिकत नाही. 'भावनावेगात' म्हटलं की हे ओसरणं कानाला जाणवतच नाही.

कायदाही नेमकं हेच विचारतो: घाव बसला तेव्हा भर होता की ओसरला होता? भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये (१ जुलै २०२४ पूर्वी दंड संहितेचं कलम ३००) खुनाच्या व्याख्येला अपवाद दिले आहेत. समोरच्याने अचानक आणि गंभीर चिथावल्यामुळे ताबा सुटला, हा एक. पूर्वतयारी नसताना अचानक जुंपलेल्या भांडणात, गैरफायदा न घेता आणि क्रूरपणा न करता जीव गेला, हा दुसरा. रस्त्यावरच्या भांडणांत बहुधा या दुसऱ्याचाच आधार घेतला जातो. सिग्नलला तिथल्या तिथे झालेली मारामारी त्यात बसू शकते. घरी जाऊन कोयता घेऊन परतलेल्याला 'भरात' म्हणणं अवघड. वाटेत भर ओसरायला वेळ मिळालेला असतो.

मुंबईतला नौदल अधिकारी नानावटींवरचा खुनाचा खटला याच वेळेवर फिरला. २७ एप्रिल १९५९ रोजी आहुजा या गृहस्थांशी असलेल्या प्रेमसंबंधांची पत्नीची कबुली ऐकल्यावर नानावटींनी तिला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मग आहुजांच्या फ्लॅटवर जाऊन त्यांना गोळ्या घातल्या. मध्ये जवळपास तीन तास गेले होते. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, ताबा परत मिळवायला एवढा वेळ पुरेसा होता. जन्मठेप कायम राहिली.

जाता जाता, 'कट मारणे'मधला कट इंग्रजीतून आला. आपला जुना कट 'रचला' जातो, आणि रचणं हे भराच्या अगदी उलट.

बातमीदारांना मात्र कळकळीची विनंती: 'रागाच्या भरात खून' असं लिहू नका. रागाचा भर कोर्टात सिद्ध झाला तर गुन्हा खून राहत नाही, सदोष मनुष्यवध होतो. सुटका होत नाही, कलम १०५ खाली जन्मठेपसुद्धा होऊ शकते. आणि सिद्ध झाला नाही, तर गेलेल्याच्या घरच्यांनी आरोपीचा बचाव पहिल्याच दिवशी मथळ्यात वाचलेला असतो. 'वादातून' एवढं पुरे.