लाकडी जमिनीवरचा जुना गम कसा काढावा?

प्रश्न : सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घरात वरच्या मजल्याला सागवानी फळ्यांची जमीन आहे. त्यावर चिकटवलेलं जुनं लिनोलियम आता उचकटून काढलं, पण गम तसाच राहिला. बराचसा पिवळट-तपकिरी आहे, भिंतीकडे पांढुरका आहे, आणि मध्ये मध्ये लिनोलियमच्या पाठीचं तागाचं कापड अडकलंय. पॉलिशवाला म्हणतो, मशीन फिरवलं की सगळं निघेल. फिरवू द्यावं का?

उत्तर : इतक्यात नाही. मशीनच्या घर्षणाने गम तापून मऊ होतो आणि पॉलिश पेपरच्या दाण्यांत बसतो. थोड्याच वेळात पेपर गुळगुळीत होतो आणि मऊ झालेला गम सागाच्या रेषांत दाबला जातो. मग तो काढण्यासाठी चांगलं लाकूड घासून घालवावं लागतं. जुना साग पुन्हा मिळणं कठीण, तेव्हा मशीनची पाळी सगळ्यात शेवटी.

आधी गम कुठला आहे ते ओळखा. तुमच्याकडे बहुधा दोन प्रकारचे आहेत. गमावर कोमट पाण्यात भिजवलेला बोळा दहा मिनिटं ठेवा. गम दुधाळ होऊन रबरासारखा मऊ पडला तर तो पांढरा फेव्हिकॉल. पाण्याने काहीच झालं नाही, तर थिनरचा बोळा दोन मिनिटं ठेवून बघा. गम चिकट होऊन तार सुटू लागली तर तो रबरी, म्हणजे फेव्हिकॉल एसआरच्या जातीचा.

गम डांबरासारखा काळा असेल, किंवा लिनोलियमची पाठ तागाची नसून राखाडी पुठ्ठ्यासारखी असेल, तर मात्र थांबा. जुन्या काळच्या अशा मालात अ‍ॅस्बेस्टॉस (घातक खनिज तंतू) असू शकतं. ते कोरडं खरवडायचं नाही, त्यावर मशीनही फिरवायचं नाही. धूळ फुप्फुसात गेली की कायमची. प्रयोगशाळेत तपासून घेता येत नसेल तर त्यावर प्लाय टाकून नवी जमीन करणं हाच शहाणपणा.

पांढऱ्या गमासाठी कोमट पाण्यात पिळून घेतलेलं फडकं पुरेसं आहे. पाणी ओतू नका. फळ्यांच्या फटींतून ते खाली कडीपाटात उतरतं. पंधरा मिनिटांनी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. ओल्या सागावर तारेची घासणी अजिबात नको. लोखंडाचा कण राहिला तर सागातल्या टॅनिनशी (लाकडातल्या तुरट द्रव्याशी) मिळून काळा डाग पडतो, आणि तो गमापेक्षा चिवट असतो.

रबरी गमाला पहिल्यांदा उष्णता द्या. हीट गन कमी सेटिंगवर, जमिनीपासून चार-पाच इंच वर, सतत हलती ठेवा. गम चकाकू लागला की लगेच पट्टी घाला. लाकडाचा रंग बदलू लागला किंवा धूर दिसला तर गन जास्त जवळ आली आहे. पट्टी साधी पुट्टीची चालते, पण तिचे दोन्ही कोपरे आधी कानशीने गोल करून घ्या. टोकदार कोपरा मऊ लाकडात रुततो आणि तो ओरखडा पॉलिशखाली लांबून दिसतो. पट्टी जमिनीलगत जवळपास सपाट धरून लाकडाच्या रेषेच्या दिशेने ओढायची, रेषेला आडवी मारायची नाही. तागाचं कापड याच उष्णतेने सालीसारखं सुटून येतं.

उरलेला पातळ थर थिनरने काढा. दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा घ्या, थिनरचं फडकं पसरा, वर पॉलिथिन झाका म्हणजे ते उडून जात नाही. दहा मिनिटांनी खरवडा, स्वच्छ फडक्याने पुसा आणि मगच पुढचा तुकडा घ्या. रॉकेल वापरू नका. त्याचा तेलकटपणा मागे राहतो आणि पॉलिश धरत नाही.

एक गोष्ट फार महत्त्वाची. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. फळ्यांच्या फटींतून ती खालच्या खोलीत उतरते, आणि तिथे गॅस किंवा देवघरातली समई पेटलेली असू शकते. खालच्यांना आधी सांगा, सगळ्या ज्योती विझवा, खिडक्या सताड उघडा. विजेच्या बटणांना काम चालू असताना हात लावायचा नाही. हीट गन आणि थिनर एका दिवशी वापरूच नका. भिजलेली फडकी ढीग करून न ठेवता उघड्यावर पसरून वाळवा.

शेवटी जमिनीवर ठिकठिकाणी पाण्याचा एकेक थेंब टाका. जिथे तो न पसरता मोत्यासारखा उभा राहतो, तिथे गम शिल्लक असण्याची शक्यता आहे. थिनरचा हात पुन्हा द्या. एवढं झालं की खिळ्यांची डोकी पंचाने (बोथट टोकाच्या लोखंडी सळईने) आत ठोका आणि मग पॉलिशवाल्याला मशीन फिरवू द्या : ६०, ८०, १२० नंबरचे पेपर, याच क्रमाने.

प्रश्न : बाणेरच्या फ्लॅटमध्ये इंजिनिअर्ड लाकडाच्या जमिनीवर गालिचा दुहेरी टेपने चिकटवला होता. टेपचा चिकटा राहिलाय. थिनर चालेल का?

उत्तर : नाही, थिनरने वरचं पॉलिशच उठेल. हेअर ड्रायरने कोमट करा आणि जुन्या एटीएम कार्डाने सरकवत काढा. राहिलेल्यावर निलगिरी तेलाचे दोन-तीन थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसा; आधी कोपऱ्यात करून बघा. घासायला जाऊ नका. वरचा खरा लाकडाचा पापुद्रा बऱ्याचदा दोन ते चार मिलिमीटरच असतो, स्वस्तातल्या मालात त्याहूनही पातळ.

प्रश्न : गम काढून जमीन घासून झाली. आता ऑगस्टमध्येच मेलॅमाइन मारून घेऊ का?

उत्तर : पावसाळी दिवसांत नको. पॉलिशमधलं थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि पॉलिश पांढुरकं पडतं. दिवाळीनंतर कोरडी हवा लागली की मारा. तोवर जमिनीवर जुनी सुती चादर टाका, प्लास्टिक नको. खाली ओल कोंडते.