अंतराळात जंतूच नाहीत, मग लस कशाला?

प्रश्न : डॉक्टर, स्पेस स्टेशनवर बाहेरचं कुणी येत नाही, मग अंतराळवीरांना लशी आणि क्वारंटाईन कशाला?

उत्तर : अहो, जंतू माणसांबरोबरच वर जातात ना! १९६८ला नासाच्या अपोलो ७ यानात सर्दीने तिघांनाही हैराण केलं, कारण वजनच नसल्यामुळे नाक वाहतच नाही, सगळं आतच तुंबून राहतं. पुढे १९७०ला अपोलो १३च्या वेळी राखीव टीममधल्या चार्ली ड्यूकला रुबेला (जर्मन गोवर) झाला आणि केन मॅटिंग्लीकडे त्याची इम्युनिटी नव्हती म्हणून ऐनवेळी त्याला काढून जॅक स्वायगर्टला पाठवलं, आणि गंमत म्हणजे मॅटिंग्लीला तो रुबेला कधी झालाच नाही! अपोलो १४पासून मात्र उड्डाणाआधीचं क्वारंटाईन कडक झालं. आपले शुभांशू शुक्लाही २०२५ला त्यातून गेले.

आता यातली खरी भानगड वेगळीच आहे. लहानपणी कांजिण्या झालेल्या असतात, तो व्हायरस नसांमध्ये झोपून असतो, आणि वर गेल्यावर ताण, बिघडलेली झोप यामुळे टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पेशी) ढिल्या पडतात की तो जागा होतो, लाळेत सापडतो. त्याच व्हायरसमुळे होणारी नागीण दरवेळी उठतेच असं नाही, पण मंगळासारख्या लांबच्या प्रवासात ही रिस्क कशाला घ्या, म्हणून नागिणीची लस महत्त्वाची वाटते मला.