वाचकांचे प्रश्न : बॅरीच्या कबरस्तानातला मिशीवाला कारागीर

प्रश्न : मुलगी बोस्टनला असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला व्हरमाँटला गेलो. तिथे बॅरी गावात होप सिमेट्री म्हणून आहे. एका कबरीवर दगडाचा माणूस बसलाय, मिशी, सूट, हाताला डोकं टेकलेलं, आणि पायाशी हत्यारं. माझे वडील पाथरवट होते, जाती नि पाटे-वरवंटे घडवायचे, त्यामुळे मी तिथून हललेच नाही, जावई गाडीत वाट बघत बसले. तो माणूस कोण? आणि देवदूत, क्रॉस असलं काही न करता हत्यारं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण त्या माणसाबद्दल कधीतरी लिहायचंच होतं. त्याचं नाव एलिया कोर्ती. जन्म 1869 चा, इटलीत लोम्बार्डीमधलं विजू गाव, स्वित्झर्लंडच्या हद्दीजवळ. हे गावच दगडकामाचं, पोरं लहानपणापासून छिन्नी हातात घेऊनच मोठी व्हायची. त्या काळात बॅरीला करड्या ग्रॅनाइटच्या खाणी जोरात चालू झाल्या होत्या, आधी स्कॉटलंडचे, अॅबरडीनकडचे कारागीर आले आणि मग इटालियन, कोणी इटलीतल्या कॅरारा गावचे, कोणी विजूचे. 1880 ला जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव 1910 पर्यंत दहा हजारांच्या वर गेलं, ते सगळं या दगडाच्या जोरावर. कोर्तीही त्यातलाच, तरुणपणी आला, काम मिळालं, संसार मांडला, बायको आणि तीन मुली.

त्याच्या हाताचं काम बघायचं असेल तर त्याच गावात रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीचा पुतळा आहे, 1899 चा. स्कॉटिश लोकांनी पैसे जमवले आणि घडवला इटालियन लोकांनी, मला ही गोष्ट फार आवडते. पुतळा सॅम्युएल नोवेलीने कोरला आणि चौथऱ्यावरची नक्षीची पॅनेलं कोर्तीने. ग्रॅनाइट किती कडक असतो ते तुम्हाला मी काय सांगणार, संगमरवर सुरीला लोणी वाटावं असा फरक, त्यात माणसं, कपड्यांच्या चुण्या काढायच्या म्हणजे हात किती बसलेला पाहिजे.

मरण मात्र अगदी अवेळी आलं. 3 ऑक्टोबर 1903 ची संध्याकाळ. ग्रॅनाइट स्ट्रीटवर इटालियन कामगारांनी 1900 साली स्वतः राबून बांधलेला हॉल होता, तिथे एका समाजवादी संपादकाचं भाषण ठरलेलं, वक्ता यायला उशीर झाला आणि हॉलमध्ये समाजवादी आणि अराजकवादी यांची आधीपासूनची धुसफूस होतीच ती पेटली, बाचाबाची, धक्काबुक्की, आणि एकाने पिस्तूल काढलं. कोर्ती भांडण सोडवायला गेला होता असं सांगतात. गोळी पोटात लागली, दुसऱ्या दिवशी गेला. वय चौतीस. गोळी झाडणाराही इटालियनच, म्हणजे ज्यांनी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून तो हॉल उभा केला त्यांच्यातच हे झालं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ती मूर्ती बाहेरून कोणाकडून करून घेतलेली नाही. त्याचा भाऊ आणि मेव्हणा जॉन कोमी, या दोघांनी कोरलीय. विचार करा, घरातलाच माणूस गेलाय आणि त्याच्याच धंद्यातल्या दोघांनी त्याचा चेहरा दगडातून बाहेर काढायचा, मिशीचा केस न् केस, कोटाची बटणं, बुटाच्या घड्या. अंदाजाने केलेलं काम नाहीये हे, रोज शेजारी बसून काम करणाऱ्याच्या डोळ्यात बसलेला माणूस आहे तो. देवदूत काय, त्यांच्यासारख्या कारागिरांना कोरता येत होते हो. पण आपल्या माणसाच्या पायाशी ठेवले ते हातोडा, छिन्न्या, गुण्या, कंपास, कारण हाच त्याचा रोजचा पसारा होता. तुमच्या वडिलांची टाकी घरात कुठेतरी जपून ठेवली असेलच तुम्ही, तसंच समजा.

प्रश्न : बॅरीच्या दगडकामगारांना छातीचा आजार व्हायचा असं वाचलं. हे खरं का? आमच्या नात्यात खडी क्रशरवर काम करणारे आहेत म्हणून विचारतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खरं आहे दादा. सिलिकोसिस. ग्रॅनाइटमध्ये सिलिका असते, आणि हाताने छिन्नी मारताना धूळ उडायची ती जाड, पण 1900 च्या आसपास हवेवर चालणारी हत्यारं आली आणि धूळ पिठासारखी बारीक झाली, त्यात तिथली थंडी जबरदस्त म्हणून शेड बंद, मग ती धूळ सगळी छातीत. एकदा फुप्फुसात गेली की निघत नाही, तिथे व्रण होतात आणि वर टीबी पटकन धरतो. चाळिशी-पन्नाशीतली धट्टीकट्टी माणसं गेली, आणि विधवा बायकांनी घरात खानावळी चालवून, भाडेकरू ठेवून पोरं वाढवली. होप सिमेट्रीतच लुई ब्रुसा या कारागिराची कबर आहे, तो 1937 ला याच आजाराने गेला, मूर्तीत तो खचून मागे कललाय आणि बायकोने त्याला धरलंय. 1930 च्या दशकाच्या शेवटी शेडमध्ये धूळ ओढून घेणारी यंत्रं बसली, हत्याराच्या तोंडाशीच पाइप, आणि त्यानंतर नव्या कामगारांमध्ये हा आजार जवळजवळ थांबला. म्हणजे उपाय माहीत होता आणि आहे. तुमच्या नातेवाइकांना सांगा, क्रशरवर पाण्याचा फवारा चालू ठेवायला लावा, तोंडाला नुसता रुमाल बांधून ही बारीक धूळ अडत नाही, आणि खोकला, धाप असेल तर छातीचा एक्स-रे काढा. डॉक्टरांना आपण दगडाचं काम करतो हे आधी सांगायचं, नाहीतर नुसता टीबी समजून औषधं चालू होतात.

प्रश्न : बॅरीतला इटालियन कामगारांनी बांधलेला तो हॉल अजून आहे का? पुढच्या वर्षी मुलाकडे जाणारे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आहे. मधे वाईट दिवस आले होते पण गावातल्या इतिहास मंडळाने 1995 ला विकत घेऊन दुरुस्त केला, 2000 पासून राष्ट्रीय स्मारक आहे. दारावर ग्रॅनाइटमध्ये कोरलेला हातोडा धरलेला हात आहे तो बघा. 1912 ला मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावच्या कापड गिरणी संपातल्या कामगारांची मुलं बॅरीतल्या घरांनी सांभाळायला आणली होती, त्यांचं स्वागत याच हॉलमध्ये झालं. तिथून बर्न्सचा पुतळा जवळ आहे, चारही बाजूंनी फिरून पॅनेलं बघा, घाई करू नका, आणि मग सिमेट्रीत जा.