प्रश्न शिवराईचा, दुखणं हप्त्याचं

कोल्हापूरहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय 61, एका कारखान्याच्या हिशेब खात्यातून गेल्या वर्षी निवृत्त झाले. पत्नी 57 वर्षांच्या. मुलगी पुण्यात नोकरीला, तीन वर्षांत तिचं लग्न करायचं मनात आहे. गेली तीस वर्षं ते नाणी जमवतात: इंग्रजी अमलातली रुपयाची 140 नाणी, स्वातंत्र्यानंतरची साल आणि टांकसाळ लावून ठेवलेली नाणी, शिवाय स्मारक नाण्यांचा एक डबा. आता त्यातलं मन उडालंय. सगळं विकून मराठेशाहीच्या नाण्यांकडे वळावं, तांब्याची शिवराई आणि जमल्यास सोन्याचा एखादा होन घ्यावा, आणि लग्नाच्या वेळी तेच विकून 10 लाख उभे करावेत, असा बेत आहे. संग्रहाची आजची किंमत त्यांनी 9 लाख धरली आहे. आधी काय विकू, एवढंच त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार. तुमच्या प्रश्नाकडे येतोच, पण पत्राच्या शेवटाकडे तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे. बँकेतल्या साहेबांनी गेल्या वर्षी 3 लाखांची 'गॅरंटीड योजना' दिली, तिचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, तो रुपये विकून भरीन म्हणता. ती ओळ वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तुम्ही ठेव ठेवायला गेला होतात आणि विमा पॉलिसी घेऊन आलात. सोबत जोडलेल्या कागदाप्रमाणे दर वर्षी 3 लाख, असे 7 वर्षं भरायचे. बाराव्या वर्षाच्या शेवटी 31 लाख मिळणार. 21 चे 31 झाले हे ऐकायला बरं वाटतं. पण पैसा सरासरी नऊ वर्षं अडकून पडतो, म्हणून परतावा पडतो वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास. त्याच बँकेतली साधी मुदत ठेव याहून जास्त देते. विमा म्हणावा, तर मुलगी कमावती असताना 61 व्या वर्षी तुम्हाला आयुर्विम्याची गरज नाही. निवृत्त माणसाच्या गळ्यात सात वर्षांचा हप्ता बांधणं ही सरळसरळ चुकीची विक्री आहे, आणि मला तिचा राग येतो.

आता तुमच्याच आकड्यांनी हिशेब करू. निवृत्तीचे 32 लाख आले, त्यातले 3 गेले, उरले 29. त्यातले 20 साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत, 9 बचत खात्यात. व्याज झालं वर्षाला दीड लाखाच्या थोडं वर. पेन्शन महिना 3,400, म्हणजे वर्षाला 40 हजार. एकूण जमा 2 लाख. घरखर्च महिना 32 हजार, वर्षाला 3 लाख 85 हजार. हप्ता नसतानाच पावणेदोन-दोन लाखांची खोट आहे. त्यावर हप्त्याचे 3 लाख चढवले की दर वर्षी मुद्दलातून पावणेपाच-पाच लाख जाणार. 29 लाख सहा वर्षांत संपतात. व्याज घटत जाईल ते मी यात धरलेलंच नाही. तुम्ही 67 वर्षांचे असाल, खातं रिकामं असेल आणि ते 31 लाख यायला आणखी पाच वर्षं असतील. ही पाच वर्षं नाणी विकून निघणार नाहीत.

म्हणून दुसरा हप्ता भरू नका.

'मग भरलेले 3 लाख बुडतील' हे तुम्ही म्हणणार. समजा, ते पूर्ण बुडाले. एक दमडी परत आली नाही. उरलेले सहा हप्ते, म्हणजे 3-3 लाख सहा वर्षं, पॉलिसीऐवजी सात टक्क्यांनी ठेवत गेलात तर बाराव्या वर्षाअखेर 32 लाख होतात. म्हणजे पहिले 3 लाख पाण्यात गेले असं धरूनही पॉलिसीच्या 31 लाखांपेक्षा तुम्ही पुढेच. आणि हा पैसा अडीअडचणीला हाताशी राहतो. शिवाय सगळं बुडतही नाही. पॉलिसी 1 ऑक्टोबर 2024 नंतरची आहे. तेव्हापासूनच्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल, तर वर्ष पूर्ण झाल्यावर पॉलिसी सरेंडर केल्यास, म्हणजे मुदतीआधी सोडून दिल्यास, काही रक्कम परत मिळते. किती, ते कंपनीकडून लेखी मागा. तोंडी आकडा घेऊ नका.

हे करण्याआधी एक तातडीचं काम. पॉलिसी घेताना हप्ता खात्यातून आपोआप वळता करण्याच्या फॉर्मवर तुमची सही घेतलेली दिसते आहे. तो आदेश रद्द करायचा अर्ज याच आठवड्यात बँकेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. नाहीतर तुम्ही न भरता हप्ता भरला जाईल.

पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता आली असती. ती मुदत गेली, पण तक्रारीचा रस्ता मोकळा आहे. ठेव म्हणून सांगितलं आणि पॉलिसी दिली, हे तारीखवार लिहून बँकेला आणि विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला द्या. महिनाभरात समाधान झालं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. कोल्हापूर त्यांच्याच कक्षेत येतं. फी नाही, वकील लागत नाही. ज्या माणसाने हे गळ्यात मारलं त्याच्याशी चहा पिता पिता बोलून हे सुटणार नाही. तो तुम्हाला 'अजून एक हप्ता भरा, मग बघू' असंच सांगेल.

बचत खात्यातले 9 लाख आणि ठेवीतले मुदत संपेल तसे 15, असे 24 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत न्या. या घडीला 8.2 टक्के व्याज आहे, दर तिमाहीला 49 हजार खात्यात येतील. उरलेल्या 5 लाखांची ठेव अडीनडीला राहू द्या. सगळं मिळून जमा 2 लाख 65 हजारांवर जाते, खोट सव्वा लाखावर येते. तुम्ही आयुष्यभर हिशेब लिहिलेत. दोन दुकानांचं काम घेतलंत आणि महिना 10 हजार आले, तर मुद्दलाला हात लावावा लागणार नाही. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपला असेल. तुमच्या पत्रात त्याबद्दल काहीच नाही. नसेल तर दोघांसाठी या महिन्यात घ्या. त्याचा खर्च मी वर धरलेला नाही, तेवढं काम थोडं जास्त घ्यावं लागेल. लग्नाचे 10 लाख या चित्रात कुठेही बसत नाहीत. मुलीशी मोकळेपणाने बोला. तीन-चार लाखांत नीट लग्न होतं, आणि ती कमावते आहे.

आता नाणी.

9 लाखांचा आकडा तुम्ही इंटरनेटवरच्या जाहिरातींवरून काढलाय. तिथे कोणीही कोणताही भाव लिहू शकतो. वैष्णोदेवीच्या नाण्यापुढे तुम्ही 50 हजार लिहिलेत. ते 2012 चं चलनी नाणं आहे, भरपूर निघालं आणि आजही सुट्या पैशांत सापडतं. अशा खरेदी-विक्रीच्या नावाने कमिशन, कर, फी उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये लोकांना सावध केलं होतं. कोणी 'तुमचं नाणं घेतो, आधी नोंदणी फी भरा' म्हणालं, तर फोन ठेवून द्या.

तुमच्या 140 रुपयांची यादी मी चाळली. त्यातले 70 व्हिक्टोरिया राणीपासून 1939 पर्यंतचे. रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, त्यात चांदी 91.7 टक्के, म्हणजे पावणेअकरा ग्रॅम. पुढचे 55 आहेत 1940 ते 1945 चे. युद्धाच्या काळात चांदी निम्म्यावर आणली, त्यामुळे त्यांत सहा ग्रॅमही नाही. आणि 1947 चे वाघाचे 15 रुपये निकेलचे, चांदी शून्य. तुम्ही सगळे चांदीचे धरलेत. एकूण शुद्ध चांदी भरते एक किलोच्या थोडी वर. किलोला 2 लाख धरले तर 2 लाख 10 हजार. विकायच्या दिवशीचा भाव घालून तुम्हीच गुणाकार करा आणि सराफाची घट वजा करा.

पण त्यांचं मोल नाणं म्हणून जास्त नाही का? असतं. म्हणूनच तुमचं एक वाक्य मला लागलं. दर दिवाळीला चिंच लावून सगळे रुपये लख्ख करता, असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. पाठवलेल्या फोटोत 1862 चा रुपया आहे. राणीच्या मुकुटाच्या रेघा गुळगुळीत झाल्यात, गालावर घासल्याचे बारीक ओरखडे सगळे एकाच दिशेने गेलेत. जाणकार गिऱ्हाईक भिंग लावतो आणि पहिल्यांदा हेच बघतो. शंभर-दीडशे वर्षांत चढलेली काळसर झाक ही त्या नाण्याची साक्ष असते. ती गेली की ते चांदीच्या भावाने जातं. राहिलेली नाणी यापुढे घासू नका. ज्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत ती आहेत, त्यांनी कडेला हिरवट चिकटा धरलेला दिसतोय, तीही बदला. 1939 चा रुपया वेगळा काढा. तो दुर्मीळ आहे, म्हणूनच त्याची नक्कलही खूप होते. जाणकाराला दाखवल्याशिवाय त्याच्यापुढे कोणताही आकडा लिहू नका.

सगळं धरून तुमचा संग्रह मला तीन-साडेतीन लाखांचा वाटतो, तोही सावकाश विकला तर. घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात पाव हिस्सा तरी जातो असं मी नेहमी धरतो. जुनं विकून नवं घेताना तो एकदा जाईल आणि तीन वर्षांनी लग्नासाठी विकताना पुन्हा. 100 चे 75 आणि 75 चे 56. एवढी घट भरून निघायलाच नाण्याचा भाव पावणेदोनपट व्हायला हवा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972 च्या पुरावशेष कायद्यामुळे परदेशात पाठवता येत नाही, म्हणजे गिऱ्हाईकही देशातलंच. 'होन पाच वर्षांत दुप्पट' असं सांगणारा माणूस होन विकणारा आहे. खरे शिवराई होन मोजकेच माहीत आहेत आणि त्यांची नक्कल सर्रास होते. तुमच्या ऐपतीत बसणारा होन कोणी देत असेल, तर तो होन नसण्याचीच शक्यता जास्त.

म्हणजे मराठेशाहीकडे वळूच नका, असं मी म्हणत नाही. उलट तुमचा हा ओढा मला मनापासून आवडला. तांब्याची शिवराई साध्या अवस्थेत काही शे रुपयांत मिळते आणि तिच्यात जन्मभर पुरेल एवढं शिकण्यासारखं आहे. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. 1674 च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेलं हे नाणं पुढे किती तरी वर्षं, किती तरी हातांनी पाडलं. त्यामुळे कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे वेलांटी दीर्घ. पुढच्या काळातली दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई वेगळीच. चांदीत पेशवाईचे अंकुशी आणि चांदवडी रुपये आहेत. आणि तुम्ही कोल्हापूरचे, तर तुमच्याच संस्थानात चाललेला शंभू पीरखानी रुपया आहे. तीस वर्षं साल आणि टांकसाळ लावणाऱ्या माणसाच्या नजरेला हे खाद्य आहे.

फक्त या छंदाचा खर्च संसारातून वेगळा ठेवा. स्मारक नाण्यांचा डबा आणि 1940 ते 1945 चे रुपये सावकाश विका, घाई करू नका. त्यातून येईल तेवढ्यातच नवी खरेदी. घरखर्चातून, ठेवीतून, व्याजातून एक रुपया नाही. पहिले सहा महिने काही घेऊच नका. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे, तिथे जाऊन दोन दिवस नुसती खरी नाणी बघा. घ्याल तेव्हा पावती देणाऱ्याकडूनच घ्या. आणि वहीत प्रत्येक नाण्यापुढे कधी, कोणाकडून, कितीला घेतलं ते लिहा. वही कुठे आहे, हे वहिनींना माहीत असू द्या. आज तुमच्या घरात त्या 140 रुपयांतला 1939 चा कोणता आणि निकेलचा कोणता, हे तुमच्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

कंपनीकडून सरेंडरचा लेखी आकडा आला की मला कळवा, पुढचं तेव्हा ठरवू. पहिली शिवराई मिळाली की तिचा फोटो जरूर पाठवा, आणि ती जशी हाती येईल तशीच ठेवा, धुऊ नका.