वाचकांचे प्रश्न : गाडीचा चार्जर घरी बसवताना

प्रश्न : नागपूरच्या मनीषनगरातील फ्लॅट स्कीममध्ये आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. इलेक्ट्रिक कार घेतली आहे, पण इमारतीच्या वीजजोडणीवर लोड येईल म्हणून सोसायटीचे काही सभासद चार्जरला विरोध करीत आहेत. काय करावे?

उत्तर : सभासदांची शंका अगदीच चुकीची नाही. ७.२ किलोवॅटचा चार्जर सुमारे ३२ अँपिअर वीज ओढतो, म्हणजे दीड टनाचे चार एसी एकत्र चालावेत तेवढी. मात्र शहरात रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला सहा-सात युनिट पुरतात, आणि तेवढी वीज ३.३ किलोवॅटचा छोटा चार्जर सव्वादोन तासांत भरतो. आमच्या मते आपण तोच घ्यावा. विरोधाची धार तिथेच कमी होईल. स्वतःच्या घरातील जोडणीवर गाडी चार्ज करण्याची मुभा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. तरीही केबल सामाईक जागेतून जाणार असल्याने सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी, आणि अर्जासोबत केबलचा मार्ग व परवानाधारक ठेकेदाराची लोडची आकडेमोड जोडावी. महावितरणच्या बिलावरील मंजूर भार अपुरा असेल तर तो आधी वाढवून घ्यावा.

वीज आपल्याच मीटरवरून घ्यावी. बाल्कनीतून सोडलेली वायर किंवा एक्स्टेंशन बोर्ड कदापि नको. गाडी तासन्‌तास एकसारखी वीज ओढते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की केबलची वहनक्षमताही घटते, म्हणून छोट्या चार्जरच्या १६ अँपिअरच्या जोडणीसाठी किमान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, स्वतंत्र एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवावा. चार्जिंग सुरू होऊन तासभर झाल्यावर प्लगला हात लावून पाहावा. चटका बसत असेल तर सॉकेट बदलेपर्यंत चार्जिंग थांबवावे.

प्रश्न : महालातील जुन्या वाड्यात भाड्याने राहतो. इलेक्ट्रिक स्कूटर गल्लीतच उभी करावी लागते. घरातून वायर काढली तर चालेल का?

उत्तर : नाही. रस्त्यावरून नेलेली वायर जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या जिवावर बेतू शकते. बॅटरी काढून घरात नेता येईल अशी स्कूटर आपल्याला सोयीची. जुन्या वाड्यांत पुष्कळदा अर्थिंगच नसते, तेव्हा घरमालकांच्या संमतीने ते आधी तपासून घ्यावे. उन्हातून आणलेली बॅटरी थंड होऊ द्यावी, आणि जिन्याखाली किंवा दाराच्या तोंडाशी चार्जिंगला लावू नये. आग लागलीच तर बाहेर पडण्याची वाट तीच असते.

प्रश्न : बेसा भागात आमचे डुप्लेक्स आहे. ११ किलोवॅटचा थ्री-फेज चार्जर बसवावा का?

उत्तर : गाडीतील ऑनबोर्ड चार्जरची, म्हणजे भिंतीवरून आलेली वीज बॅटरीत भरणाऱ्या गाडीतल्याच यंत्राची, मर्यादा पाहावी. ती ७.२ किलोवॅट असेल तर भिंतीवर ११ किलोवॅटचा लावूनही वेग वाढत नाही. त्यापेक्षा तो पैसा चांगल्या अर्थिंगवर खर्च करावा. आपला प्लॉट काळ्या मातीचा असेल तर उन्हाळ्यात ती भेगाळून अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून मार्च ते जून अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घालावे आणि वर्षातून एकदा, तोही उन्हाळ्यातच, रोध मोजून घ्यावा.