फी भरायची की एसएसबीची वाट पाहायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलाला बारावीत पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) 78 टक्के, जेईई मेन दिलेली आहे, एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) लेखी परीक्षा पास झालाय. पुण्यातल्या खासगी इंजिनिअरिंगला फी-होस्टेल धरून वर्षाला अडीच लाख, म्हणजे चार वर्षांचे दहा. हाताशी आठ लाख, सगळे गावच्या पतसंस्थेत. लष्कर फुकट शिकवतंय, तर वर्षभर थांबावं का?

थांबू नका, प्रवेश घ्या. लेखी परीक्षा हा अर्धाच टप्पा आहे. पुढे पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे सैन्यदलांची निवड चाचणी आणि मुलाखत, मग मेडिकल, मग मेरिट. एसएसबीच्या पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगमध्ये बरीच मुलं परत पाठवली जातात आणि शिफारस झालेलीही मेडिकलला अडकतात. रंग ओळखणं, गुडघे, सपाट तळवे हे आत्ताच डॉक्टरांकडून तपासून घ्या.

निवड झालीच तर त्याला जानेवारीच्या सुमारास रुजू व्हावं लागेल. कॅपमध्ये (इंजिनिअरिंगची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) ठरलेल्या तारखेआधी जागा सोडली तर जास्तीत जास्त 1000 रुपये कापून फी परत मिळते. ती तारीख त्याआधीच उलटलेली असेल, म्हणजे पहिल्या वर्षाचे पैसे बहुतेक जातील. अडीच लाखांचा फटका मोठाच आहे, पण निवड न होता अख्खं वर्ष जाण्यापेक्षा तो परवडला.

प्रयत्न मात्र तिन्ही वाटांनी करा. एनडीएत तीन वर्षं खडकवासल्याला, मग साधारण वर्षभर त्या त्या दलाच्या अकादमीत. आर्मीच्या टीईएसला (बारावीनंतरची तांत्रिक प्रवेश योजना) लेखी परीक्षा नाही, जेईई मेनच्या आधारे एसएसबीला बोलावतात. पीसीएमला 60 टक्के पुरतात आणि बी.टेक. होतं. नौदलाच्या बी.टेक. एन्ट्रीला 70 टक्के लागतात, शिक्षण केरळात एळिमलाला. इंजिनिअरिंगकडे ओढा असेल तर टीईएस आणि नौदल आधी बघा. अर्जाची मुदत थोडक्या दिवसांची असते, त्यामुळे जेईईचा निकाल लागला की दोन्ही वेबसाइटवर रोज नजर ठेवा. वयाची वरची मर्यादा साडेएकोणीस आहे, म्हणून हातात किती संधी उरल्या ते जन्मतारखेवरून मोजा. तिन्ही हुकल्या तरी पदवीनंतर सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठी सीडीएस, टीजीसी आणि एएफकॅट या वाटा आहेतच.

आता 'फुकट'बद्दल. शिकवणं, राहणं, जेवण सरकारचं. एनडीएच्या तीन वर्षांत स्टायपेंड नाही, मुलाचा किरकोळ खर्च घरूनच जातो. शेवटच्या वर्षी महिना 56,100 रुपये. कमिशननंतर, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक झाल्यावर, तेवढंच मूळ वेतन, वर 15,500 मिलिटरी सर्व्हिस पे आणि भत्ते. कायम कमिशनला 20 वर्षांनी पेन्शन, शॉर्ट सर्व्हिसला (ठरावीक वर्षांची नोकरी) ती नाही. कमिशनच्या या दोन प्रकारांची तुलना करताना हा फरक फीपेक्षा कितीतरी मोठा ठरतो.

पालक सहसा वाचत नाहीत तो कागद म्हणजे रुजू होताना सही करायचा बाँड. मुलानं स्वतःहून प्रशिक्षण सोडलं तर खर्च वसूल होतो, तोही आठवड्याच्या हिशेबानं. दीड वर्षानं "जमत नाही" म्हणाला तर रक्कम तुमच्या आठ लाखांना सहज ओलांडेल. सही तुमची असणार, तेव्हा रुजू होण्याआधी मुलाशी समोरासमोर बसून मोकळेपणानं बोला. वडिलांच्या हौसेसाठी जाणारी मुलं आत गेल्यावर फार सोसतात.

पैशांची जागा आधी बदला. पतसंस्थेतल्या ठेवीला पाच लाखांचं डीआयसीजीसीचं (रिझर्व्ह बँकेचं ठेव विमा महामंडळ) विमा संरक्षण नसतं, ते फक्त बँकेतल्या ठेवीला असतं. पहिल्या वर्षाचे अडीच लाख भरून उरलेल्या साडेपाच लाखांच्या बँकेत तीन एफडी करा: अडीच, अडीच आणि पन्नास हजार, प्रत्येक जुलैला एक संपेल अशा. मध्येच मोडायची वेळ आली तर दंड एकाच एफडीवर बसेल. कमी पडणारे दोन लाख शेवटच्या वर्षाचे आहेत, ते तेव्हा शैक्षणिक कर्जातून घ्या. आज कर्ज काढलं तर व्याज आजपासून चढेल. शेअर बाजारात यातला एक रुपयाही नको, इतक्या जवळच्या फीला ती जागा नाही.

धाकटी नववीत आहे असं लिहिलंत. तिलाही या वाटेनं जायचं असेल तर नाशिकला मुलींसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. प्रवेश अकरावीला असतो, त्यामुळे पुढच्या वर्षी दहावीत असतानाच तिच्या प्रवेश परीक्षेची जाहिरात बघायला विसरू नका.