कॉमिक्समधील पात्राची अ‍ॅक्शन फिगर, म्हणजे सांधे हलणारी छोटी प्लास्टिकची प्रतिकृती, चांगली घडवलेली आहे की नाही, हे डबा न उघडता कसे ओळखावे?

डबा न उघडता फार तर निम्मे कळते, आणि दर्जा ठरतो तो उरलेल्या निम्म्यावर. माझे हे मत थोरल्या भावाशी आठ वर्षे चाललेल्या वादातून पक्के झालेले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

दादाने पुण्यातील एका दुकानातून वुल्व्हरिन या मार्व्हल कॉमिक्समधल्या सुपरहिरोची सहा इंची फिगर आणली होती. पिवळा-निळा वेष, दोन्ही मुठींतून निघालेली तीन-तीन लांब नखे आणि अतिशय रेखीव चेहरा. ती डब्यासकट शोकेसमध्ये ठेवून त्याने सांगून टाकले की, चेहरा आणि रंग उत्तम असले म्हणजे फिगर उत्तम. सांध्यांची चिंता खेळणाऱ्या मुलांनी करावी.

मला मात्र पहिल्याच दिवशी तिची उंची खटकली. १९७४ मध्ये हल्क या दुसऱ्या पात्राच्या कॉमिक्स अंकातून आलेला वुल्व्हरिन ज्या प्राण्याचे नाव लावतो, त्याच्यासारखाच बुटका आणि चिवट आहे. मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये त्याची उंची ५ फूट ३ इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर मानली जाते. सहा इंची फिगरचे प्रमाण साधारण एकास बारा असते, तेव्हा तो १३.३ सेंटिमीटर भरायला हवा. मी डब्याच्या पारदर्शक खिडकीवर पट्टी धरली आणि मुखवट्याची वर गेलेली टोके सोडून मोजले, तर साडेपंधरा भरले. म्हणजे हा गृहस्थ १८६ सेंटिमीटरचा झाला! पोलादी साचे महाग असल्यामुळे उत्पादक एकच धड अनेक पात्रांना वापरतात आणि फक्त डोके बदलतात, हे मला मान्य आहे. पण ज्याचा बुटकेपणा हीच त्याची ओळख आहे, त्याच्या बाबतीत ही काटकसर मुळीच चालू नये.

दोन वर्षांनी दादाने माझ्या आग्रहाखातर डबा उघडला. डब्यातल्या प्लास्टिकच्या खाचेत दाबून बसवल्यामुळे नखे वाकलेली होती, ती गरम पाण्यात धरून सरळ केली आणि लगेच थंड पाण्यात बुडवली, तेव्हा जमले. मांडीचा पिवळा रंग जांघेपाशी मळकट, हिरवट दिसत होता, कारण तो भाग निळ्या प्लास्टिकमध्ये ओतून वरून पिवळा रंगवलेला होता आणि पिवळा रंग गडद प्लास्टिक कधीच नीट झाकत नाही. उजवा गुडघा रंगामुळे चिकटून बसला होता. मी गरम पाणी पुन्हा आणेपर्यंत थांब म्हणत होतो, पण दादाने जोर लावला. पिनेभोवतीचे प्लास्टिक आधी पांढरे पडले आणि मग पाय गुडघ्यातून निखळून त्याच्या हातात आला. डबा उघडला नसता तर गुडघा तुटला नसता, असे तो आजही म्हणतो. माझे म्हणणे असे की तो गुडघा कारखान्यातूनच निकामी आलेला होता, आणि डबा बंद ठेवल्यामुळे आम्हाला ते दोन वर्षे कळले नाही, तोवर बदलून मागण्याची मुदतही संपून गेली. शिवाय बंद डब्यात वस्तू जशीच्या तशी राहते, हा समजही खरा नाही. मऊ पीव्हीसी प्लास्टिकमधला तेलकट अंश काही वर्षांनी पृष्ठभागावर येऊन फिगर चिकट होते.

तेव्हा खिडकीतून एवढेच पाहा: उंची, डोळ्यांची बुबुळे एका रेषेत आहेत का, आणि दोन रंगांची सीमा स्वच्छ आहे का. दुकानदार उघडू देत असेल, तर वुल्व्हरिनला दबा धरून बसवून पाहा, कारण चित्रकारांनी त्याला असंख्य वेळा तसाच काढला आहे. मांडी पुढे काटकोनापर्यंत यावी, गुडघा दोन सांध्यांतून वाकावा, आणि पाय फाकवल्यावर घोटा आडवा कलून तळवा पूर्ण जमिनीला टेकावा. या ठेवणीत फिगर आधाराशिवाय उभी राहत नसेल, तर चेहरा कितीही देखणा असला तरी मी ती घेणार नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. उंचीचा निकष कॉमिक्सवरून केलेल्या फिगरलाच लावावा. चित्रपटांत वुल्व्हरिन साकारणारे ह्यू जॅकमन सहा फुटांहून उंच आहेत आणि २०२४ च्या चित्रपटात त्यांनी पिवळा वेषही घातला आहे, त्यामुळे फिगर कॉमिक्सची आहे की चित्रपटाची, हे डब्यावर आधी वाचा. दादाच्या डब्यावर कॉमिक्सचेच चित्र होते, तो डबा मी अजून जपून ठेवला आहे.